सल्ला केंद्र : या कानाचे त्या कानाला कळता कामा नये

वाचकहो, कोणत्याही कचेरीत 'गोपनीय' असा लाल शिक्का मारलेले पाकीट आले, की ते सर्वांत आधी कोण वाचतो हे आम्हा कारकून मंडळींना विचारा. साहेबांच्या टेबलावर पोहोचण्याआधी त्यातला मजकूर चहाच्या टपरीवर पोहोचलेला असतो. कोणाचा गोपनीय अहवाल बिघडला, कोणाची बदली ठरली, हे ज्याचे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असते. वीस-बावीस वर्षे कारकुनी केल्यामुळे शिक्क्याने गुपित राहते यावर माझा विश्वास कधीच नव्हता. पण गुपित फुटायला साधे एक आखलेले रजिस्टरसुद्धा पुरते, हे कळायला माझ्याच हातून एक चूक व्हावी लागली.

आमच्या वस्तीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी मिळून कौटुंबिक सल्ला केंद्र सुरू केले, तेव्हाची ही गोष्ट. जागा समाजमंदिरामागची खोली, वेळ रविवारी सकाळी दहा ते एक. हेतू चांगला होता. घराघरांत भांडणे होती, दारू होती, सुनांचा छळ होता. पोलीस ठाण्याची पायरी चढायची हिंमत नव्हती आणि वकिलाची फी परवडत नव्हती. अशांना बसवून घ्यावे, ऐकावे, मार्ग दाखवावा एवढेच मनात होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कोरी वही दिसली की रकाने आखायची सवय. पहिल्याच दिवशी एक जाडजूड रजिस्टर आणले आणि लाल शाईने रकाने पाडले : अनुक्रमांक, तारीख, संपूर्ण नाव, पत्ता, तक्रारीचे स्वरूप, सही अथवा अंगठा. रजिस्टर दाराजवळच्या टेबलावर ठेवले. येणाऱ्याने आधी तिथे सही करायची. कारभार कसा चोख दिसत होता!

तिसऱ्या की चौथ्या रविवारी एक बाई आली. नवरा संशयी, हात उचलणारा. ती तासभर बोलली, रडली, पदराने डोळे पुसून गेली. मी माझ्या वळणदार अक्षरात 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात लिहिले : 'नवऱ्याकडून मारहाण व चारित्र्यावर संशय.' अर्ध्या तासाने तिच्याच नात्यातली दुसरी एक बाई आली. ती घरगुती तक्रार घेऊन आली नव्हती, तिला रेशनकार्डाचा अर्ज भरून हवा होता. तिनेही शिस्तीत रजिस्टरात सही केली आणि सही करता करता वरची ओळ वाचली. संध्याकाळपर्यंत ती ओळ आळीभर झाली. त्या रात्री त्या बाईला पुन्हा मार बसला. या वेळचे कारण मात्र आमचे रजिस्टर होते. आठवड्याने ती मुलांना घेऊन माहेरी गेली. आमच्या केंद्राची पायरी ती पुन्हा चढली नाही.

नवरा मात्र आला. दारात उभा राहून म्हणाला, "माझ्या घरातलं तुमच्या वहीत कसं?" त्याचा राग कशासाठी होता ते सोडा, पण प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एक ज्येष्ठ ताई आम्हाला मार्गदर्शन करायला आल्या. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलेले. खोलीत शिरताच त्यांची नजर टेबलावर गेली. चार पाने चाळून त्या म्हणाल्या, "भाऊ, हे रजिस्टर आहे की नोटीस बोर्ड?" मी ओशाळलो. त्या दिवशी त्यांनी तीन तास आम्हाला जे समजावले आणि नंतरच्या वर्षांत ठेचा खात आम्ही जे शिकलो, ते सांगावे म्हणून हा लेख.

बैठक आणि खोली

आधी आपल्या सवयीविषयी बोलू. आपल्याकडे घरातले भांडण सोडवायची जुनी रीत म्हणजे बैठक. भावकीतले चार वडीलधारे, गावातला एखादा पुढारी, मुलीकडचे, मुलाकडचे अशी पंधरा-वीस माणसे सतरंजीवर बसतात. चहा होतो. मग मुलीला मधे उभी करून विचारतात, "बोल बाई, तुझं काय म्हणणं आहे?" सासरा समोर, दीर बाजूला, पोरेटोरे दाराच्या फटीतून बघत असलेली. ती काय बोलणार? 'स्वयंपाकावरून बोलतात, माहेरी पाठवत नाहीत' एवढेच बोलते. रात्री दार लावल्यावर काय होते, सासऱ्याची नजर कशी आहे, नवऱ्याने कोणता आजार आणला आहे, हे ती भर बैठकीत कधीही उच्चारणार नाही. मग बैठक स्वयंपाकावर तोडगा काढते, नवऱ्याकडून पान-सुपारी घेते आणि उठते. खरे दुखणे जिथल्या तिथे राहते.

बैठकीचे काही चांगले गुण आहेत, ते मी नाकारत नाही. दहा माणसांसमोर दिलेला शब्द मोडायला माणूस कचरतो. पण समुपदेशन ही वेगळी गोष्ट आहे. तिथे एक माणूस बोलतो, एक ऐकतो आणि दार लावलेले असते. आम्ही केंद्र सुरू केले तेव्हा पाटी समुपदेशनाची लावली आणि मनात बैठक ठेवली, हीच आमची मूळ चूक. समोरची बाई बोलत असताना तीन कार्यकर्ते भोवती बसलेले, एखादा मधेच "अगं, तुझा नवरा तर माझ्या ओळखीचा!" म्हणणारा.

आणि ज्यांच्यासाठी हे केंद्र, त्यांची घरे आठवा. दहा बाय बाराची खोली. तिच्यात सहा-सात माणसे. शेजारच्या घराला मधे पत्रा. तिकडे कोणी खोकले तर इकडे कळते. पाण्याच्या नळावर, संडासाच्या रांगेत, लोकलच्या डब्यात, सगळीकडे ओळखीचे चेहरे. अशा बाईला आयुष्यात एकटीने, कोणी न ऐकता, दोन शब्द बोलायची जागाच मिळालेली नसते. बंगल्यात राहणाऱ्याला खासगीपण जन्मतः मिळते, आपल्या माणसाला ते कोणी तरी मुद्दाम करून द्यावे लागते. सल्ला केंद्राने पैसे देऊ नयेत, नोकरी देऊ नये, पण एवढी जागा तरी द्यावी.

गळती कुठून होते

ताईंनी पहिले काम केले ते रजिस्टर टेबलावरून उचलायचे. त्यांनी दोन वह्या करायला लावल्या. एका वहीत फक्त क्रमांक आणि तारीख. नाव नाही, तक्रार नाही. दुसऱ्या वहीत त्या क्रमांकापुढे नाव-पत्ता. ती वही लोखंडी कपाटात, किल्ली दोनच माणसांकडे. बोलण्याची टिपणे वेगळ्या कागदावर, त्यावर फक्त क्रमांक. एखादा कागद हरवलाच, तरी तो कोणाचा हे सापडणाऱ्याला कळू नये. माझ्यातल्या हिशेबनिसाला ही पद्धत लगेच पटली. रोकडवही एकाजवळ आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याजवळ, हे तर आम्ही पहिल्यापासून शिकलेलो.

काय लिहायचे याबद्दलही त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : कमीत कमी लिहा. काय ठरले, पुढे काय करायचे, कोणती तारीख, एवढे पुरे. बाईने रागात कोणाला काय म्हटले, कोणाचे कोणाशी काय आहे, ही भारुडे उतरवून घेऊ नका. 'ती चिडखोर वाटते' असली स्वतःची मते तर मुळीच नकोत. यामागे कायद्याचे कारणही आहे, ते पुढे सांगतो.

गळतीच्या बाकी जागा इतक्या साध्या आहेत, की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. बाहेर बाकावर चार माणसे बसलेली असताना कार्यकर्ता दारातून मोठ्याने पूर्ण नावाने हाक मारतो. खोलीची खिडकी बोळात उघडते आणि खिडकीखाली पोरे क्रिकेट खेळत असतात. आम्ही खिडकी लावून घेऊ लागलो, तर उन्हाळ्यात जीव नकोसा होई. शेवटी दोन टेबलपंखे आणले. त्यांच्या घरघरीत बोलणे बाहेर ऐकू जात नाही, हा आणखी फायदा. बाईबरोबर आलेली सासू, नणंद किंवा 'मी हिची मोठी बहीण' म्हणून सांगणारी शेजारीण यांना आदराने बाहेर बसवावे लागते. त्या रागावतात, रागावू द्यावे. पाच-सहा वर्षांचे मूल सोबत असेल तर त्यालाही बाहेर खेळायला न्यावे. मुलाला काही कळत नाही असे आपण समजतो, पण घरी गेल्यावर "आई तिथे रडत होती" हे तेच सांगते.

आता मोबाइलने नव्या वाटा उघडल्या आहेत. केंद्रातून पुढच्या तारखेसाठी फोन करावा, तर समोरच्या फोनवर ट्रूकॉलर आपणहून 'सल्ला केंद्र' असे नाव झळकवतो आणि फोन त्या वेळी नवऱ्याच्या हातात असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे लागते : फोन कोणाचा आहे? किती वाजता केलेला चालेल? दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही काय सांगायचे? एका बाईने आम्हाला सांगितले होते, "शिलाईच्या कामाचं विचारा." आम्ही तेच विचारत असू. काहींच्या बाबतीत फोन करायचाच नाही, त्यांनीच यायचे, असे ठरवावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर तर काहीच पाठवू नये. आमच्या कार्यकर्त्यांचा एक गट होता. त्यावर एकाने उत्साहाने 'आजची केस' म्हणून सगळी हकिकत टाकली, वर अर्जाचा फोटो. गटात तीस माणसे. त्यातल्या किती जणांच्या घरी तो फोन मुले खेळायला घेतात? लिहिणाऱ्याने पाच मिनिटांत मजकूर काढून टाकला, पण ज्याने फोटो उतरवून घेतला असेल त्याच्याकडे तो राहिलाच. तो गट आम्ही बंद केला.

'केस' या शब्दाचाही मला आता राग येतो. 'दारूची केस', 'संशयाची केस'. माणूस राहतो बाजूला.

घरात, रस्त्यात, व्यासपीठावर

सर्वांत अवघड गळती आपल्या स्वतःच्या तोंडाची. रविवारी दुपारी जेवायला बसलो की सौ. विचारायची, "आज कोण आलं होतं?" सुरुवातीला मी सांगत असे. बायकोपासून काय लपवायचे? शिवाय ती मनाने चांगली. एकदा मी सांगितलेल्या एका बाईला ती नळावर भेटली आणि हळव्या मनाने तिचा हात धरून म्हणाली, "काळजी करू नको गं, ह्यांनी सगळं सांगितलंय मला." त्या बाईने हात सोडवून घेतला. हे सौ.नेच मला संध्याकाळी सांगितले आणि आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. सौ.ची चूक काहीच नव्हती. तेव्हापासून तिच्या प्रश्नाला माझे उत्तर एकच, "लोक आले होते." आता ती विचारतही नाही.

दुसरी जागा रस्त्याची. केंद्रात आलेली व्यक्ती बाजारात, लग्नात किंवा १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भेटते. आपल्याला वाटते, विचारपूस करावी : "काय ताई, आता घरी बरं आहे ना?" तिच्या शेजारी तिची नणंद उभी असते. म्हणून आमच्याकडे नियम आहे, की तिने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची. तिने नुसता 'जय भीम' केला तर आपणही तेवढाच करायचा, पुढे एक शब्द नाही. आणि हे तिला पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचे, नाही तर तिला वाटेल, आपले सगळे ऐकल्यावर हा माणूस आता आपल्याला टाळतो.

तिसरी जागा व्यासपीठाची आणि तिथे आम्हा कार्यकर्त्यांचा तोल हमखास जातो. माईक हातात आला की आपले काम सांगावेसे वाटते. "नाव सांगत नाही, पण मागच्या आळीतली, शिवणकाम करणारी एक भगिनी आमच्याकडे आली..." मागच्या आळीत शिवणकाम करणाऱ्या बाया किती? दोन! नाव न घेता ओळख पटवायची ही कला आपल्याला चांगली साधलेली आहे. वार्षिक अहवालात फोटो छापायचा मोह तसाच. देणगीदाराला फोटो हवा असतो, पुढाऱ्याला हवा असतो. मानसोपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो वा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देऊ नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिले आहे. आपले केंद्र मानसोपचाराचे नसेलही, पण त्यातला विवेक आपल्यालाही लागू आहे. जाता जाता सांगतो, या लेखात आलेल्या हकिकतींतली नाती, वेळ, ठिकाणे मी बदललेली आहेत. कोणी ओळखायचा प्रयत्न करू नये, चुकीचेच ओळखाल.

सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आपले गुपित जपणारा हे एक लक्षण आहे. वंदनेला बसताना आपण ते ऐकलेले असते. नळावर विसरतो.

आणखी एक अडचण खास आपल्या वस्त्यांची. सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. समुपदेशक मुलाचा मामा निघतो, नाही तर मुलीच्या वडिलांचा गाववाला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा. त्याखालच्या २००६ च्या नियमांत समुपदेशक कोणी होऊ नये हे सांगितले आहे : ज्याचा वादाशी संबंध आहे किंवा जो दोघांपैकी कोणाचाही नातेवाईक आहे त्याला ते काम देता येत नाही. आमच्याकडे आता नाते निघाले की तो कार्यकर्ता स्वतःहून उठतो. नात्याच्या माणसाने ऐकूच नये, मग तो कितीही सज्जन असो. सज्जन माणसालाच बहिणीची दया येते आणि तो तिला सांगून टाकतो.

कायदा काय म्हणतो

आता कायद्याकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. हा मोठा आधार. पण रोजच्या कामात बारीक तरतुदी अधिक उपयोगी पडतात.

कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे दोघांपैकी एका जरी पक्षाने मागणी केली, तरी कामकाज बंद दाराआड चालवावे लागते. आपल्या बायकांना हे कोणी सांगतच नाही. तिथल्या समुपदेशकासमोर बोललेले गोपनीय मानावे अशीही महाराष्ट्राच्या नियमांत तरतूद आहे. परंतु २०१९ मध्ये मुलाच्या ताब्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मुलाच्या हितासाठी समुपदेशकाचा अहवाल न्यायालय पाहू शकते असे म्हटले. म्हणजे तिथेही भिंत अभेद्य नाही.

बाहेरच्या समुपदेशकाची स्थिती तर याहून नाजूक. वकिलाला अशिलाने सांगितलेले न्यायालयात उघड करायला लावता येत नाही, तसे संरक्षण पुरावा कायद्यात पूर्वीपासून आहे आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक यांना तसे संरक्षण त्यात नाही. न्यायालयाने समन्स काढले तर आपल्याला जावे लागेल, कागद मागितले तर द्यावे लागतील. कमी लिहा, असे ताई का म्हणाल्या ते आता ध्यानात येईल. जे लिहिलेलेच नाही ते कोणी मागवू शकत नाही. पण समन्स आल्यानंतर कागद फाडणे हा सरळ गुन्हा, हेही लक्षात ठेवावे. आणि समन्स वेगळे, पोलीस हवालदाराने सहज येऊन "जरा ती वही दाखवा" म्हणणे वेगळे. त्याला नम्रपणे लेखी मागायला सांगावे. नगरसेवकाच्या माणसालाही तेच.

एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर या देशाने हा धडा फार महाग शिकला. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला लागण असल्याचे कळले, रुग्णालयाकडून ती गोष्ट बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले आणि समाजाने त्याला वाळीत टाकल्यासारखे केले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दाद फेटाळली. जिच्याशी लग्न होणार होते तिचा जीव वाचवणे महत्त्वाचे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ते म्हणणे चूक म्हणवत नाही आणि त्या माणसाचे हालही डोळ्यांआड करवत नाहीत. पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा आला आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. त्याने या पेचातून नीट वाट काढली आहे. लेखी संमतीशिवाय कोणाची लागण उघड करायची नाही. जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाने आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समजवायचे, ती सांगणारच नाही अशी खात्री झाली तर 'मी सांगणार आहे' अशी तिला पूर्वकल्पना द्यायची आणि मगच जोडीदाराला समक्ष भेटून सांगायचे. मात्र सांगितल्याने तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः ती स्त्री असेल, तर सांगायचे नाही. कायदा लिहिणाऱ्याने कधी तरी एखाद्या सुनेचे घर आतून पाहिले असावे, असे ही तरतूद वाचताना मला वाटले.

'कोणालाही सांगणार नाही' हे वचन

येथवर वाचून कोणाला वाटेल, की समुपदेशकाने तोंडाला कुलूप लावले म्हणजे झाले. तसे नाही. आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता समोर कोणी रडू लागले की हात पुढे करून म्हणे, "ताई, बिनधास्त बोला, मी मेलो तरी कोणाला सांगणार नाही." ताईंनी त्याला थांबवले. म्हणाल्या, "असं वचन देऊ नकोस. ती पुढच्या वाक्यात काय सांगणार आहे हे तुला माहीत आहे का?"

खरेच माहीत नसते. समजा, ती म्हणाली की घरातला एक पुरुष तिच्या नऊ वर्षांच्या मुलीशी घाणेरडे वागतो. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायचीच आहे. न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आई म्हणते, "सांगू नका, घराची अब्रू जाईल." आपण वचन देऊन बसलेले असतो. आता वचन मोडले तर ती म्हणणार, दगा दिला. पाळले तर मुलगी त्याच घरात झोपणार. म्हणून मर्यादा आधी सांगायच्या. आम्ही आता बोलणे सुरू होण्यापूर्वी साध्या शब्दांत सांगतो : तुम्ही बोलाल ते या खोलीत राहील. पण लहान मुलावर अत्याचार होत असेल, तुमच्या जिवाला किंवा तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाने विचारले, तर मला सांगावे लागेल. तेही शक्यतो तुम्हाला सांगूनच सांगेन.

तरुण कार्यकर्ता म्हणाला, "हे ऐकून लोक बोलायचेच बंद होतील." मलाही तसेच वाटले होते. पण अनुभव तसा नाही. थोडे जण गप्प होतात, हे खरे. बहुतेक मात्र सैल होतात. समोरचा माणूस काय करील आणि काय करणार नाही हे कळले की विश्वास बसतो. एका आईने तर हे ऐकून घेतले, पाच मिनिटे पंख्याकडे बघत बसली आणि मग तीच गोष्ट सांगितली. मला वाटते, कोणी तरी आपल्या वतीने बोलावे म्हणूनच ती आली होती. पोलीस ठाण्यात आम्ही तिच्यासोबत गेलो. त्या मुलीचे नाव आमच्या कपाटातल्या वहीतही नाही. अशा पीडितेची ओळख छापणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम ७२ आहे.

जिवाच्या धोक्याचा प्रश्न परदेशातही असाच उभा राहिला होता. अमेरिकेत बर्कले येथे १९६९ मध्ये एका विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले, की अमुक मुलीला मी मारणार आहे. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडले. त्या मुलीला मात्र कोणीच काही सांगितले नाही आणि तिचा खून झाला. तारासॉफ खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जिच्या जिवावर बेतले आहे तिच्या रक्षणाची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर येते. आपल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्येही गोपनीयतेचा हक्क देऊन लगेच पुढे अपवाद लिहिले आहेत. दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती देता येते. 'तेवढीच' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. एखादा मुलगा जीव द्यायचे म्हणत असेल तर त्याच्या आईला 'आज याला एकटे सोडू नका, घरातले औषध-फिनेल उचलून ठेवा' एवढे सांगायचे. त्याने कोणावर प्रेम केले आणि परीक्षेत काय झाले, हे आईला सांगायचे कारण नाही.

वस्तीतल्या ओळखीच्या चेहऱ्यासमोर बोलायलाच नको वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू केली. फोन फुकट, रात्रीबेरात्री केव्हाही, मराठीतून बोलता येते. आमच्या केंद्राच्या भिंतीवर आम्ही तो क्रमांक मोठ्या अक्षरात रंगवला आहे. एक सहकारी म्हणाला, "आपलंच गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवता?" मी म्हटले, पाठवतो.

वाचक भगिनींना आणि बांधवांनाही सांगणे, की कोणत्याही सल्ला केंद्रात जाल तेव्हा बसल्याबरोबर विचारा : तुम्ही काय लिहून घेता? ते कोण वाचते? आणि कोणत्या वेळी दुसऱ्याला सांगता? विचारल्यावर समोरचा रागावला तर चहा पिऊन उठा. नवऱ्याच्या ओळखीचा कोणी तिथे असेल तर सरळ दुसरा माणूस मागा. फोन नंबर देणे बंधनकारक नाही.

आमच्या जुन्या रजिस्टराचे काय झाले, ते सांगायचे राहिले. ते बरीच वर्षे लोखंडी कपाटात तळाला पडून होते. कारकुनाच्या हातून नोंदवही नष्ट होत नाही, तो आमचा धर्मच नव्हे. गेल्या वर्षी ताई म्हणाल्या, ज्याचे काम संपले, ज्यात कोणाचा खटला चालू नाही, ते कागद ठेवून तुम्ही कोणासाठी राखण करता? तशी एकेक नोंद तपासली. एकही प्रकरण न्यायालयात नव्हते. तिघांनी बसून ठराव लिहिला, तारीख घातली, सह्या केल्या. मग पाने एकेक करून फाडली, बादलीत भिजवली आणि लगदा होईपर्यंत कालवली. तिसऱ्या-चौथ्या रविवारचे पान हातात आले तेव्हा मी थांबलो. अक्षर खरेच वळणदार होते. ते पान मी दुसऱ्या कोणाला फाडू दिले नाही.